पिकअप घेतला की बंद

नाय नाय मिस्तरी, अशी जागेवर उभी करून रेस देऊन काय कळणार — जागेवर ती लई गुणाची हाय. जागेवर दिवसभर घुरघुर करीत बसंल, कुणाचं नाव घेणार नाय. तिला रस्ता लागतो, मोकळा. माणसानं रेसचा हात पिळला, गाडीनं पळ धरला, की तिथं तिचं बिनसतं. आधी एक आचका देती. मग दुसरा. दुसऱ्या आचक्याला माझं नाक ह्यायच्या पाठीवर आपटतं — हे बघा, इथं, अजून दुखतंय — आन् मग भुर्र करून थंड. रस्त्याच्या मधोमध. मागून हॉर्नवर हॉर्न. म्हणून म्हणलं, चक्कर मारून बघा. मारली? कवा? आत्ता गेलते ती चक्कर व्हय? त्या पाण्याच्या टाकीपर्यंत? एवढ्यानं काय व्हतंय! एवढ्यात तिला कळतबी नाय घरून निघाली म्हणून. चार-पाच किलोमीटर पळवा, मग दाखवती रंग.

तुम्ही मला वळखलं नाय वाटतं. मी चतुराबाई. ह्या गाडीच्या मागच्या सीटवर बसते ती. बारा वर्षं गाडी तुमच्याकडं येती, तुम्ही हिचा नटबोल्ट वळखता, मला कसं वळखणार — मी कधी आत आलेच नाय ना, ते आत यायचे आन् मी तिकडं रसवंतीच्या बाकावर. आज मुद्दाम आत आले. हे गेलेत क्रांती चौकात, कागदायच्या झेरॉक्सा काढायला. मला म्हणले, तू इथंच थांब, मोहियोद्दीनला म्हणावं गाडी धुऊन पुसून ठेव, चार वाजता बद्रीनाथ येणार. बद्रीनाथ म्हणजे ह्यायचा चुलतभाऊ, देवगाव रंगारीला असतो, अद्रक लावतो. त्याला गाडी देऊन टाकायची ठरवलीय ह्यायनी. मला विचारलं नाय. नुसतं सकाळी चहाच्या टायमाला म्हणले, 'आज गाडी जाईल.' तीन शब्द. ह्या महिन्यातलं सगळ्यात मोठं भाषण ते.

तर धुवायचं सोडा तुम्ही. ती फडकी ठेवा बाजूला. ह्यायला यायला आजून अर्धा घंटा हाय. अर्ध्या घंट्यात हिचं दुखणं काढा, म्हणजे मी बद्रीनाथला चहा-पोहे करून आल्या बसनं परत लावते. गाडी इकायची नाय मला. म्हणजे ह्यायला इकायची हाय, मला नाय. काढाल ना? बोला की. — हां हां, तोंडात इस्क्रू धरलेत व्हय. असू द्या, असू द्या, नका बोलू, गिळाल एखादा. मला सवय हाय. अडतीस वर्षं मी न बोलणाऱ्या माणसाशी बोलतेय, तुम्ही तर कारण असून गप हाव.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या जुन्या गाडीत. सांगते. तुम्हाला म्हणून सांगते, आन् हे बोलू नका कुठं. आमचे हे घरात बोलत नाहीत. भांडण नाय, रुसवा नाय, दारू नाय — नुसतं बोलत नाहीत. कचेरीत आवक-जावकला होते ना, तीस वर्षं दुसऱ्यायच्या कागदावर शिक्के मारले, एखादा चुकून सोताच्या तोंडावर बसला असंल. चहा देऊ? मान. भाकरी वाढू? हात आडवा. नातवंड झाल्याचा फोन आला तवा मी नाचायचीच बाकी होते, हे उठले, कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला आन् बसले. आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली, दिवसभर घरी, म्हणजे दिवसभर पेपर. पेपरच्या वरून टक्कल दिसतं आन् खालून पाय दिसतात, मधलं माणूस मला दिसत नाय.

पण गाडीवर, मिस्तरी! गाडीवर बसले, मी मागं बसले, गर्दी सरली, नगर नाका सोडला, चौथा गियर पडला — की ह्यायचं तोंड उघडतं. नळाला पाणी यावं तसं. समोर बघत बोलतात. मला त्यायचं तोंड दिसत नाय, त्यायला माझं दिसत नाय, त्यामुळं जमत असंल. आधी सायकल होती, तवा डबलसीट बोलायला दम पुरत नसायचा. ही गाडी घेतली, वीस वर्षं झाली, आन् पहिल्याच खेपेला देवगावला जाताना कसाबखेड्याच्या अलीकडं मला म्हणतात, 'लग्नानंतर वर्षभर तुझी आमटी लई खारट व्हायची.' लग्नाला तवा अठरा वर्षं झालती! अठरा वर्षं पोटात ठेवलं ते! थोरलीच्या लग्नात पोरीच्या पाठवणीला बाप सापडंना, सगळा मांडव धुंडाळला, आन् हे नंतर कुठूनसे आले रुमालानं मान पुसत. कुठं होते, विचारलं, तर काही नाय. दोन वर्षांनी, माळीवाड्याच्या वळणावर सांगितलं — आचाऱ्याच्या चुलीमागं बसून रडत होते, धुराचं निमित्त व्हावं म्हणून. मीबी मग मागच्या सीटवर रडून घेतलं, वारा होता, सुकून गेलं. तुम्हाला खोटं वाटंल, पण आमचा सगळा संसार त्या रस्त्यावर हाय. घरात नुसती भांडी.

आन् तो माणूस गाडी इकायला निघालाय. कामून, तर पिकअप घेतला की बंद पडती.

आता खरी गोष्ट ऐका. ते काय खोलायले? कारबोरेटर? खोला, खोला, पण ते तुम्ही दिवाळीनंतर खोललंच होतं, हे घरी काळे हात घेऊन आलते म्हणून माहिती. प्लग तुम्हीच बदलला. केबल तुम्हीच बदलली. कडूबा — आमच्या समोर राहतो, रिक्षा चालवतो — तो म्हणला पेट्रोलात पाणी. त्यानं सगळं पेट्रोल बादलीत काढलं, बादलीपाशी वाकून बघितलं, वास घेतला, जिभेला लावलं, आन् म्हणला, पेट्रोलच हाय. एवढा हुशार. तर खरी गोष्ट अशी, की दोन महिन्यांपासून, संक्रांत झाल्यापासून, दर खेपेला नगर नाका सोडला की हे घसा साफ करतात आन् म्हणतात, 'चतुरे, तुला एक सांगायचं व्हतं. पण राग मानू नको.' मी म्हणते, सांगा की. हे आजून एकदा खाकरतात, धीर यावा म्हणून जरा हात पिळतात, गाडी पळायला लागती — आन् आचका! बंद! पाच वेळा, मिस्तरी. पाचही वेळा 'राग मानू नको' पर्यंत आलं आन् तिथं गाडी मेली. एकदा तर मी म्हणलं, आहो बंद पडली तर पडली, तुम्ही बोला, तर हे गाडी ढकलायला लागले. एकदा गाडी बंद पडली की त्यायचं तोंडबी बंद. घरी येईस्तोवर ब्र नाय.

घरी विचारा म्हणता? तुम्ही नाय म्हणलं, पण डोळ्यानं म्हणलं. विचारलं की! घरी विचारलं तर पेपर वर. 'गाडीवर सांगतो.' आन् गाडीवर सांगू देत नाय ही.

आता माणसानं काय काय समजायचं? पहिल्यांदा वाटलं, दुसरी बाई. मग म्हणलं, ह्या माणसाला दुसरी बाई ठेवायची तर तिच्याशी दोन शब्द बोलावं लागंल, ते काय जमायचं नाय, ते सोडलं. मग वाटलं, चोरून पान खायला लागलेत, तेच सांगायचं असंल — कारण रुमाल लाल निघायले. धुवायला काढला की कोपरा लाल. मी तोंडाचा वास घेतला, हे झोपलेले असताना. बडीशेपेचाबी नाय. मग वाटलं, दुखणं असंल. हां, तवा मात्र मी भ्याले. दिवाळीआधी एकटेच तपासून आलते, कागद कपाटात साड्यांच्या खाली. मला इंग्रजी येत नाय, शेजारच्या सारजाबाईच्या पोराकडून वाचून घेतला. तो म्हणला, काकू, सगळं चांगलं हाय, काकाचं काळीज पंचवीस वर्षाच्या पोराचं हाय. तवा जीव भांड्यात पडला. पण मग काय असंल? असं काय हाय जे ह्या माणसाला दोन महिने तोंडातून काढवंना, जे ऐकून मी रागवीन? आन् आज गाडी गेली म्हणजे ते कायमचंच राहिलं. उद्यापासून आम्ही दोघं रिक्षात बसणार, रिक्षात हे भाड्याच्या मीटरशिवाय कशाकडं बघत नाहीत. मला भ्या वाटतंय, मिस्तरी. हसू येतंय ना तुम्हाला? मलाबी येतंय. पण भ्याबी वाटतंय.

आन् आजून एक, हे तुमच्या कामाचं हाय, नीट ऐका. ह्या दोन महिन्यांत हे एकटे गेले की गाडी कधीच बंद पडत नाय. पेन्शनला गेले, एकटे, झक्कास. दळणाला गेले, एकटे, झक्कास. मी मागं बसले की बंद. हे सारजाबाईला कळलं. सारजाबाई म्हणजे — माझी मैत्रीणच हाय, पण तोंड कसं, घासलेल्या विळीसारखं — म्हणती, 'चतुरे, वजन.' एवढंच. 'वजन.' मला लई लागलं ते. त्याच दिवशी धान्याच्या दुकानात गेले, म्हणलं जरा काट्यावर उभी राहते, तो दुकानदार म्हणला मावशी, हा ज्वारीचा काटा हाय, म्हणलं मग ज्वारी समज. किती भरलं ते सांगणार नाय. तवापासून दीड महिना अर्धी भाकरी खातेय. तिळाचा लाडू हातात धरून नुसता बघितला. ह्यायनी इचारलं नाय काही, पण एक दिवस ताटात गुपचूप दुसरी भाकरी टाकली, मी काढून ठेवली. सहा किलो उतरले! ज्वारीच्या काट्यावर, सहा! बसले गाडीवर, आन् नगर नाक्याच्या पुढं 'चतुरे, तुला एक' — आचका. सहा किलोचा आचका.

मग मी ठरवलं, माझाच पायगुण. माझ्यामुळंच पडती ना? मग मीच नाय बसत. देवगावला जत्रा होती, म्हणलं तुम्ही गाडीनं या, मी एसटीनं जाते. मी एसटीत बसले, खिडकी धरली, तर हे आले आत. गाडी स्टँडवर लावून. माझ्या शेजारी बसले. दोन तास. एक शब्द नाय! पण बसले होते.

मला ते आवडलं. ते जाऊ द्या.

आता तुम्ही चाव्या घेऊन टाकीकडं चालले. हां, टाकीचं बघा, टाकीचंबी मी सांगते, मला सगळं माहीत हाय, नुसतं कारण माहीत नाय. टाकी काठोकाठ भरली असली की लवकर बंद पडती, अर्धी असली की जरा उशिरा. कडूबाला सांगितलं तर तो म्हणला, काकू, असं कुठं असतं का, भरल्या पोटी माणूस उपाशी मरतं का. आन् बंद पडली की हे मला म्हणतात, तू तिकडं लिंबाखाली उभी राह्य, ऊन लागंल. थंडीतबी ऊन लागंल म्हणतात! मी लिंबाखाली. हे गाडीपाशी वाकतात, माझ्याकडं पाठ करून. मग झाकण उघडतात, तवा सूंऽऽ असा आवाज येतो, लिंबाखाली ऐकू येतो मला — हां! हाच! आत्ता आला तो! ऐकला ना? — मग झाकणाशी काहीतरी खुडूकखुडूक करतात, लावतात, किक, आन् एका किकमधी चालू. मला वाटायचं, कुणाकडून मंतर शिकून आले का काय. शर्टाच्या खिशात एक टाचणी ठेवायलेत, तीबी त्याच्यासाठीच असंल म्हणलं, उताऱ्याला टाचणी लागती. मी म्हणलं, टाचणी कामून, तर म्हणले, 'ऑफिसची सवय.' रिटायर होऊन दोन वर्षांनी सवय लागली!

मी पहिल्यापासून सांगतेय, नजर हाय. वीस वर्षांची गाडी आन् अजून रंग उडाला नाय, कुणाच्याबी डोळ्यात येती. म्हणून तर मी एवढं करते. — काय बघायलेत झाकणाकडं एवढं? उलटं कामून केलं? ते लाल ना? ते माझं हाय.

माझं म्हणजे मी लावते. दसऱ्याला तर सगळेच गाडीला हार घालून कुंकू लावतात, तुमच्याकडंबी येत असतील झेंडूच्या गाड्या. ह्या गेल्या दसऱ्याला मी झाकणावर कुंकू लावलं, हे गेले आपट्याची पानं वाटायला, आन् क्रांती चौकात एक टेम्पो सिग्नल तोडून आला, हँडलला घासून गेला. हँडलला! ह्यायला खरचटलंबी नाय. हे घरी आले, पाणी प्याले आन् पेपर घेतला, मला कडूबानं सांगितलं म्हणून कळलं. तिथंच ओळखलं, कुंकवानं वाचवलं. मग वर्षातून एकदाच कामून? टेम्पो काय दसऱ्यालाच निघतात? तवापासून रोज. हे गाडीवर बसले, की मी आत जाऊन वाटी आणते, झाकणाला लावते, हात पुसते, कुठं जायचं असलं तर मागं बसते. नुसतं कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतं, म्हणून करडीच्या तेलात कालवते, चांगलं घट्ट. आन् त्या झाकणावर मधोमध ती बारीक खळी हाय ना, चावीच्या शेजारी — टिळ्यासाठीच ठेवली असंल कंपनीनं, बरोबर करंगळीच्या टोकाएवढी — त्यात दाबून दाबून बसवते, मग आठवडाभर हलत नाय. वर तांदळाचा एक दाणा. बंद पडली की दुसऱ्या दिवशी जरा जास्तच लावते, पुन्हा बंद पडू नये म्हणून. आता लई बंद पडायली म्हणून सकाळ-संध्याकाळ लावते.

असं कामून बघायले?

इस्क्रू कामून काढले तोंडातून?

ती तार कशाला — आहो, देवाचं हाय ते, तार नका घालू — अगं बाई! केवढं निघायलंय! हा तर गोळा हाय. हा दाणा किती जुना असंल बघा, काळा पडलाय. आन् तार खालून बाहेर आली? आरपार? खळी नाय ती? भोक हाय? झाकणाला भोक कशाला, पेट्रोल सांडायला? ... हवा जायला. आत. बरं. पेट्रोल खाली उतरतं, तेवढी हवा वरून आत पाहिजे... नाय मिळाली तर पेट्रोल उतरत नाय... हळू चालवली की थोडं थोडं पुरतं, पळवली की जास्त लागतं आन् तिथं... आन् टाकी भरलेली असली की आत हवाच कमी म्हणून लवकर... कळलं, कळलं, मी काय येडी हाय का? तेलाचा पत्र्याचा डबा आणला की मी सोता दोन भोकं पाडते त्याला, एका भोकातून तेल येत नाय, अडतं. सारजाबाईला मीच शिकवलं ते! मला माहीत...

मला माहीत होतं.

म्हणजे मी लावायची म्हणून बंद पडायची. आन् बंद पडायची म्हणून मी लावायची. आन् अर्धी भाकरी!

हसा. हसा, तुमचंबी किती दिवस दाबून धरायचं. माझं सहा किलो गेलं त्या भोकापायी, तुम्ही हसा.

पण थांबा. थांबा थांबा. मग एकटे गेल्यावर कशी पडत नव्हती? मी तर रोजच लावायची. कोपऱ्यावर वळले की... रुमाल! आहो, रुमाल! ते पान नव्हतं, ते माझं कुंकू व्हतं! कोपऱ्यावर जाऊन पुसायचे. आन् टाचणी. ह्या भोकासाठी टाचणी! मी मागं बसलेली असले की माझ्यासमोर पुसता येईना म्हणून मला लिंबाखाली — थंडीत — उन्हाचं निमित्त करून — मिस्तरी, ह्यायला माहीत होतं? आवक-जावकच्या माणसाला कुठून कळलं झाकणाला भोक असतं म्हणून? ... तुम्ही? तुम्ही सांगितलं? कवा? संक्रांतीला!

संक्रांतीला सांगितलं तुम्ही. दोन महिने झाले. आन् काय म्हणलं त्यायला? 'भाभीला सांगा झाकणावर काही लावू नका.' बरोबर हाय, साधी गोष्ट हाय, कोणीबी सांगंल. मग ते काय म्हणले? ... नाय, तसं नाय, त्यायचे शब्द सांगा. जसे म्हणले तसे. ... परत सांगा.

'ती लई मनापासून लावती हो. मला सांगवत नाय.'

असं म्हणले? तुम्हाला? इथं, ह्या टायरपाशी उभं राहून? मला अडतीस वर्षांत — आन् तुम्हाला — आन् म्हणून गाडी इकायली? मला 'कुंकू लावू नको' एवढे तीन शब्द सांगवंनात म्हणून वीस वर्षांची गाडी बद्रीनाथला? अरे रामकिसन! अरे काय माणूस हायेस का — 

घेतलं बघा नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आज. तुमच्या गॅरेजात.

पदर तेलात गेला वाटतं माझा. नाय, डोळ्याला काही नाय, ते तुमच्या पेट्रोलच्या वासानं. बरं, हे घ्या झाकण, नीट पुसा. आतून पुसा, बाहेरून पुसा, भोकात फुंका. आजून एकदा फुंका. आता कारबोरेटर कामून खोललं तुम्ही, कुणी सांगितलं होतं, बसवा ते पटकन. झाकणाचं माहीत असून कारबोरेटर खोलत बसले — ... मी बोलू देईना म्हणून? बरं. आता ऐका, वेळ कमी हाय. ह्यायला सांगायचं नाय मला कळलं म्हणून. घरी तुमच्या फहमिदाभाभीलाबी सांगायचं नाय, ती सारजाबाईला दवाखान्यात भेटती. ह्यायला कळलं ना, की मला कळलंय, तर ते सुटले म्हणून गप बसतील, परत ते सांगायचेच नाहीत. आन् मला ते त्यायच्या तोंडून पाहिजे. मी दोन महिने वाट बघितलीय. मी म्हणणार, बद्रीनाथला द्यायच्या आधी शेवटची एक चक्कर मारू, दौलताबादपर्यंत. हे नाय म्हणणार नाहीत, नाय म्हणायला बोलावं लागतं. नगर नाका सोडतील, खाकरतील, 'चतुरे, तुला एक सांगायचं व्हतं' म्हणतील, हात पिळतील — आन् गाडी पळंल. मग कुठं जातील? बोलावंच लागंल. 'राग मानू नको' म्हणतात ना? मी तर रागावणार हाय. चांगली दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत रागावणार. मग परत येताना नाय रागावणार.

बद्रीनाथ? बद्रीनाथला पोहे.

आन् एक विचारू? कुंकू तर मी लावणार, ते टेम्पो काय बंद झाले नाहीत. समोरच्या लाइटवर लावलं तर? त्याला भोक नाय ना? नक्की? हात लावून दाखवा. हवा-बिवा काही जात नाय ना तिथून? मागून पुढून बघा, मग मला हो म्हणा. ... झालं तर. कोरडंच लावीन, तेल नाय. तांदूळ नाय. बरं, एकच दाणा.

आले! आले ते, रिक्षातून उतरायलेत, झेरॉक्सा छातीशी धरल्यात. बघा, आल्याआल्या खिशातली टाचणी चाचपली. झाकण लावा. चावी द्या. ती लाल तार लपवा, तुमच्या हाताचं लाल पुसा, तोंड असं हसरं नका करू. आन् एक अक्षर बोलू नका त्यायच्यासमोर, लई बोलता बाबा तुम्ही — घाला ते इस्क्रू परत तोंडात.